वाटाण्याचा सिनेमा, विहिरीचा सिनेमा

हरभरे रात्री भिजत घालायचे, सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फडके सोडून मुलांना मोड दाखवायचे. हा प्रयोग आपण सर्वांनी वर्गात केलेला आहे. आलेला मोड सगळ्यांना दिसतो. तो येताना मात्र कोणालाच दिसत नाही. एखादे चौकस मूल मग विचारतेच, "सर, तो नेमका कधी बाहेर आला?" आपण म्हणतो, "हळूहळू." उत्तर बरोबर आहे, पण त्याने मुलाचे समाधान होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात १९१२ साली एका माणसाने पडद्यावर दाखवले होते. त्याने हरभऱ्याऐवजी वाटाणा घेतला होता. त्या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. 'राजा हरिश्चंद्र' आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतो. त्याआधी फाळक्यांनी केलेला हा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. त्याचे नाव होते 'अंकुराची वाढ'. स्वतःच्या पैशाने, घरच्या घरी, एकट्याने केलेला लघुपट! आज चित्रपट महोत्सवांत ज्यांना 'स्वतंत्र लघुपट' म्हणतात, त्यांचा हा आपल्याकडचा पणजोबाच म्हणायला हवा.

असे लघुपट आता मराठवाड्यातही होतात आणि दाखवलेही जातात. म्हणून नांदेड-लातूरकडच्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हा इतिहास मांडतो आहोत. वाचताना एक प्रश्न मनात असू द्यावा: कॅमेऱ्याने पाहायचे तरी काय? झटकन घडून जाणारी घटना, की डोळ्यांदेखत होऊनही न दिसणारा बदल?

पन्नास सेकंदांचे चित्रपट

सुरुवातीला सगळेच चित्रपट लघुपट होते. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये पहिला जाहीर खेळ केला. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे चित्रपट दाखवले गेले. एकेक चित्रपट सुमारे पन्नास सेकंदांचा. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, असे विषय. लांबी एवढीच का? तर फिल्मची एक गुंडाळी सुमारे सतरा मीटरची होती आणि ती तेवढ्या वेळात संपायची.

मुंबईतले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांना या खेळांनी झपाटले. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती ठरवून तिचे चित्रण केले. फिल्म धुवायची सोय इथे नव्हती, म्हणून ती लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसाने केलेल्या सर्वांत जुन्या चित्रपटांपैकी हा एक.

सावेदादांचे दुसरे चित्रण गणिताच्या शिक्षकांना आवडेल असे आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले आणि 'सीनियर रँग्लर' झाले. डिसेंबर १९०१ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा बंदरावर त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली. सावेदादांनी तो प्रसंग टिपला. आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या वृत्तपटाचा नायक एक गणिती होता, हे वर्गात जरूर सांगावे.

कुस्ती, आगगाडी, रँग्लरांचे आगमन या सगळ्या घटना आहेत. त्या आपल्याच गतीने घडतात आणि कॅमेरा त्याच गतीने त्या पाहतो. घटना संपली की चित्रपट संपला.

कुंडीतला वाटाणा

फाळक्यांची वाट वेगळी होती. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण, छपाई, साचे करणे, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग केले. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला आणि आपल्याकडच्या कथा पडद्यावर आणायचा ध्यास त्यांनी घेतला. मग मिळेल ते वाचायचे, मिळेल तो चित्रपट पाहायचा. अतिश्रमाने डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला कडेची भोके पाडायचे यंत्र विकत घेतले आणि परत आले. त्या काळी फिल्म भोके न पाडलेली मिळायची. ती भोके अंधारात बसून पाडायची, कॅमेऱ्यात फिल्म भरायची, ती धुवायची, ही कामे सरस्वतीबाई फाळके शिकल्या. घराची प्रयोगशाळा झाली.

आता चित्रपटासाठी भांडवल हवे होते. ते देणाऱ्याला आधी काहीतरी दाखवायला हवे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर ती सलग दाखवली तेव्हा बी फुटले, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि बघता बघता त्याचा वेल झाला. ते पाहून यशवंत नाडकर्णी यांच्यासारखे परिचित कर्जाऊ पैसे द्यायला तयार झाले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

गंमत पाहा. पौराणिक चित्रपटासाठी भांडवल उभे केले ते वनस्पतिशास्त्राच्या एका धड्याने!

हे तंत्र जगात अगदीच नवे नव्हते. जर्मनीत लाइपझिगचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या आसपास ट्यूलिप, लाजाळू अशा वनस्पतींच्या हालचालींची चित्रणे विद्यार्थ्यांसाठी केली होती. इंग्लंडमध्ये शिक्षण खात्यात कारकून असलेल्या पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुले उमलताना दाखवणारा लघुपट केला. एक प्राध्यापक, एक कारकून आणि एक कर्जबाजारी छापखानेवाला! तिघांनीही कॅमेऱ्याचा उपयोग कुस्ती टिपणाऱ्यापेक्षा वेगळ्या कामासाठी केला. डोळा ज्यासाठी थांबू शकत नाही, ते त्यांनी कॅमेऱ्याला पाहायला लावले.

गणित करून पाहू

फाळक्यांची गोष्ट सांगताना "रोज एक चित्र घेतले" असे पुष्कळदा सांगितले जाते. चित्रपट सुमारे मिनिटभराचा होता असेही म्हटले जाते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतील का? सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित घालावे.

मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. इतक्या वेगाने आलेली सुटी चित्रे आपला मेंदू जोडून घेतो आणि आपल्याला हालचाल दिसते. महिनाभर रोज एक चित्र घेतले तर चित्रे होतील ३०. सेकंदाला १६ या हिशेबाने ती दोन सेकंदांच्या आतच संपतील. प्रेक्षकाने डोळे मिचकावले तर वेल उगवून गेलेला असेल!

उलट बाजूने पाहू. मिनिटभराच्या चित्रपटाला ६० गुणिले १६, म्हणजे ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांत घ्यायची तर रोज ३२. फक्त दिवसाउजेडी, म्हणजे सुमारे १२ तासांत घ्यायची तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. म्हणजे 'रोज एक चित्र' आणि 'एक मिनिट' यांचा मेळ बसत नाही. मिनिट खरे असेल, तर कॅमेऱ्याजवळ कोणाला तरी महिनाभर दिवसातून तीसेक वेळा जावे लागले असणार.

आणखी एक मुद्दा आहे. वाटाण्याला ताणे असतात. आधार शोधताना वेलींचे शेंडे आणि ताणे हवेत गोल फिरतात. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींवरच्या प्रदीर्घ निबंधात या फेऱ्या घड्याळ लावून मोजल्या होत्या. अनेक वेलींना एका फेरीला एक ते काही तास लागतात. रोज एकच चित्र घेतले तर ही फेरी कधीच दिसणार नाही. ताणा आज इथे आणि उद्या तिथे, एवढेच कळेल. दर वीस-पंचवीस मिनिटांनी चित्र घेतले तर मात्र ताणा चाचपडत आधार शोधतो आहे असे दिसेल. बदल जितक्या वेगाने होतो, त्याला साजेशा अंतराने निरीक्षण केले पाहिजे. विज्ञानातल्या कोणत्याही मोजणीचा हा पहिला नियम वाटाण्याच्या वेलीवरून किती सोपा होतो!

तीस दिवस एका मिनिटात दाखवणे म्हणजे काळ ४३,२०० पट आवळणे. सूक्ष्मदर्शक लहान वस्तू मोठी करतो. हा कॅमेरा लांब काळ लहान करतो.

पडदा कोणाचा?

'अंकुराची वाढ' आज पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. ती चटकन पेट घेते आणि नुसती ठेवली तरी हळूहळू कुजते. जुन्या फिल्मा चांदीसाठी विकल्याही जात. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे मिळाले ते जमवले. पण जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागून अनेक दुर्मिळ चित्रपट जळाले.

लघुपटांची दुसरी अडचण अशी की ते दाखवायचे कुठे? अडीच-तीन तासांचे कथापट आले आणि थिएटरचा पडदा त्यांनी व्यापला. फाळक्यांनी पुढेही 'आगकाड्यांची मौज'सारखी छोटी गंमत केली, पण तिकीट विकले जायचे ते पौराणिक कथांचे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. मुख्य चित्रपटाआधी तिचे वृत्तपट आणि अनुबोधपट दाखवणे थिएटरांना बंधनकारक होते. आमच्या पिढीने धरणे, पोलाद कारखाने आणि पूर पहिल्यांदा पाहिले ते असे. मात्र पडदा सरकारच्या हाती होता. कोणी स्वतःहून केलेला लघुपट तिथवर पोचणे कठीण होते.

ही कोंडी महोत्सवांनी आणि फिल्म सोसायट्यांनी काही प्रमाणात फोडली. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. १९५९ मध्ये देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. सत्यजित राय अध्यक्ष होते आणि संस्थापकांमध्ये विजया मुळे होत्या. या मुंबईच्या मराठी बाई शिक्षण खात्यात अधिकारी होत्या. त्यांनी १९६० च्या दशकात हुगळी नदीत समुद्राच्या भरतीबरोबर उलट्या दिशेने घुसणाऱ्या पाण्याच्या भिंतीवर लघुपट केला आणि तो जर्मनीतल्या मानहाइमच्या महोत्सवासाठी निवडला गेला. १९७४ चा 'एक अनेक और एकता' हा मुलांसाठीचा सात मिनिटांचा चलचित्रपट अनेकांना आठवत असेल. तोही त्यांचाच.

१९९० साली फक्त अनुबोधपट, लघुपट आणि चलचित्रपट यांच्यासाठी मुंबईत आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. तो दर दोन वर्षांनी भरतो. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, पण महोत्सव चालू राहिला. याच काळात कॅमेरे स्वस्त झाले. नागराज मंजुळे यांचा २००९ मधला 'पिस्तुल्या' हा लघुपट शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका वंचित मुलाचा आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिक्षकांनी तो अवश्य पाहावा. आपल्या वर्गाच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हे पंधरा मिनिटांत कळते.

मराठवाड्यातही वारे पोचले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ महोत्सवात मराठवाड्यातल्या लघुपटांची स्पर्धा घेतली गेली आहे. लातुरातही अलीकडच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आहे. मोबाइलवर चित्रण करून घरीच जोडणी करणारी मुले आता तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांच्या लघुपटांत गोष्ट असते, संवाद असतात, शेवटी एक धक्का असतो. ते चांगलेच आहे. पण हा सगळा सावेदादांचा वारसा झाला, घटनेचा. फाळक्यांच्या कुंडीचा वारसा चालवणारे फार थोडे दिसतात.

लातूरचे दोन प्रसंग

हा फरक लातूरइतका स्पष्ट कुठे दिसणार? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. काही सेकंदांत गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. दुसऱ्या दिवसापासून जगभरचे कॅमेरे तिथे होते. त्या ढिगाऱ्यांची चित्रे आजही पाहायला मिळतात.

दुसरा प्रसंग २०१६ चा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा डबे आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास डब्यांची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. लातूरला रेल्वे पोचली ती १९११ साली, फाळके लंडनला गेले त्याच्या आदल्या वर्षी. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ होता तो. १९२७ मध्ये तो मार्ग मिरजेला जोडला गेला. पुढे रुंद झालेल्या त्याच मार्गाने सुमारे ३४० किलोमीटरवरून पाणी आले. या गाडीचेही खूप चित्रण झाले. इंजिनाला हार, डब्यांवर आकडे, स्टेशनात गर्दी. ल्युमिएर बंधूंनी टिपलेल्या आगगाडीसारखीच ही घटना होती.

पण मांजरा धरण आटत होते तेव्हा? विहिरींचे पाणी रोज बोटभर खाली जात होते तेव्हा? विंधनविहिरी एकामागून एक कोरड्या पडत होत्या तेव्हा? २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे कमी पडले. दुष्काळ त्या दोन वर्षांत तिळातिळाने आला. मोड येताना दिसत नाही, तसा तोही येताना दिसला नाही. पाणी संपल्याचे दिसले ते गाडी आल्यावर.

भूकंपासाठी कॅमेरा आधीपासून मांडून ठेवता येत नाही. दुष्काळासाठी येतो. भरपूर वेळ मिळतो.

शाळेतला लघुपट

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. तिला महोत्सवाची आणि भांडवलाची गरज नाही. शाळेत एक जुना मोबाइल मिळाला तरी पुरे.

सुरुवात हरभऱ्याने करावी. लातूर-नांदेडच्या शाळेत हरभरा मागायला लांब जावे लागत नाही. काचेच्या ग्लासाच्या कडेला टिपकागदाची घडी लावून तिच्या आणि काचेच्या मध्ये भिजलेला दाणा अडकवावा. मोबाइल विटांच्या आधाराने पक्का बांधावा, कारण तो कणभर हलला तरी पडद्यावर दाणा उडी मारतो. खोलीत एक दिवा रात्रंदिवस चालू ठेवावा. दर अर्ध्या तासाने एक चित्र घेतले तर चार दिवसांत १९२ चित्रे होतात. सेकंदाला १२ या वेगाने ती दाखवली की १६ सेकंदांचा चित्रपट तयार. ठरावीक अंतराने आपोआप चित्र घेण्याची सोय पुष्कळ मोबाइलमध्ये असते. मूळ आधी कोणत्या दिशेला वळते हे मुलांकडून आधी लिहून घ्यावे आणि मग चित्रपट दाखवावा.

मग मोठे काम घ्यावे. गावातली कठडा असलेली एक विहीर निवडावी. आतल्या भिंतीवर मोठ्या माणसांकडून पांढऱ्या रंगाने दर अर्ध्या मीटरला एक अशा खुणा करून घ्याव्यात. कठड्यावर मोबाइल ठेवायची जागा पक्की ठरवावी. दिवाळीनंतर रोज ठरलेल्या वेळी शिक्षकांनी किंवा मोठ्या माणसाने एक चित्र घ्यावे आणि मुलांनी वहीत तारीख व पातळी लिहावी. इथे रोज एक चित्र पुरेसे आहे, कारण बदल सावकाश आहे. मेअखेरपर्यंत सुमारे २१० चित्रे होतील. सेकंदाला १० या वेगाने २१ सेकंदांत विहीर आपल्यासमोर रिकामी होईल. शासनाची भूजल यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या मुलांकडे एका विहिरीच्या दोनशेवर नोंदी असतील.

या नोंदींचा आलेख काढला की प्रश्न सुरू होतात. उतार कोणत्या आठवड्यात तीव्र झाला? तेव्हा शिवारात कोणत्या पिकाला पाणी चालले होते? शेजारी नवी विंधनविहीर पडली का? हे प्रश्न मुले घरी विचारतील आणि घरच्यांना त्यांची उत्तरे ठाऊक असतील. चर्चा अवघडही होईल, कारण उसाचे पाणी आणि पिण्याचे पाणी एकाच जमिनीतून येते. शिक्षकांनी तिथे निवाडा करू नये. आलेख भिंतीवर लावून ठेवावा.

राहिला प्रश्न दाखवण्याचा. फाळक्यांनी आपला लघुपट आधी मोजक्या ओळखीच्या माणसांना दाखवला आणि तेवढ्यावर त्यांचे काम झाले. आपल्याला ग्रामसभा आहे, पालकसभा आहे, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आहे. विज्ञान दिनापर्यंत विहिरीची निम्मी गोष्ट तयार झालेली असेल. तेवढीच दाखवावी, आणि उरलेल्या तीन महिन्यांत पातळी कुठे जाईल याचा अंदाज पालकांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावा. त्या चिठ्ठ्या जूनमध्ये उघडाव्यात.

पहिले चित्र घेतल्याची तारीख आम्हाला जरूर कळवा.